स्थानिक झाड असूनही अमेरिकेत ईस्टर्न रेडसीडर का तोडतात?

ईस्टर्न रेडसीडर हे जुनिपरच्या जातीचं सदाहरित झाड. ते तिथलंच आहे, प्रश्न आगीचा आहे. नेब्रास्का, ओक्लाहोमा या राज्यांच्या गवताळ प्रदेशात पूर्वी ठरावीक काळाने वणवे लागत आणि त्याची रोपं जळून जात. वणवे थांबवले, त्यात १९३० च्या दशकात धूळवादळांनंतर वारा अडवायला हीच झाडं लावली गेली, आणि ती गवताळ भागात पसरत गेली. पक्षी निळसर फळं खातात, कुंपणाच्या तारेवर बसून विष्ठेतून बिया टाकतात. म्हणूनच कुंपणालगत रोपांची रांग दिसते. दाट सावलीत गवत मरतं, गुरांचा चारा जातो.

संशोधनातून निघालेली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट अशी: तोडायला दाट रानापासून सुरुवात करू नका. जिथे गवत अजून स्वच्छ आहे ते आधी राखा, गुडघाभर रोपं काढा आणि मग तिथून बाहेर, दाट झाडीकडे सरका. सर्वात खालच्या हिरव्या फांदीच्याही खालून कापलं की हे झाड पुन्हा फुटत नाही. पण बिया पडलेल्या असतात, त्यामुळे दर काही वर्षांनी फेरी हवीच. नेब्रास्कातल्या लोएस कॅन्यन्स या भागात शेजारी शेतकरी एकत्र येऊन नियंत्रित आग लावतात. एकट्याने तसं करणं धोक्याचं; मोठं रेडसीडर भडकलं की ठिणग्या लांबवर जातात.