एन्क्रिप्शन फुटलेलं नाही, नंबर कुणाच्या हातात आहे ते आधी बघा

तुम्ही लिहिलंय की फोनची रेंज अचानक गेली, थोड्या वेळाने व्हॉट्सॲप बंद पडलं आणि ओळखीच्यांना तुमच्या नावाने पैसे मागणारे मेसेज गेले. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल असं कुलूप) असताना हे झालंच कसं, हा तुमचा प्रश्न. माझ्या बाबतीत हुबेहूब हेच घडलं होतं.

एन्क्रिप्शन शाबूत आहे. पण खातं नंबरला बांधलेलं असतं. डुप्लिकेट सिम दुसऱ्याच्या हाती पडलं की ओटीपी त्याला जातो, त्याच्या फोनवर नव्या किल्ल्या (मेसेजचं हे कुलूप लावणारे-उघडणारे गुप्त कोड) तयार होतात आणि लोकांचे मेसेज त्या किल्ल्यांनी तितकेच चोख एन्क्रिप्ट होऊन त्याला पोचतात. तुम्हाला पोचायचे राहिलेलेसुद्धा.

मला सगळ्यात महाग पडलं ते मोबाईल कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र. आधी म्हणे नेटवर्कचं काम चालू आहे. मग म्हणे ॲपवाल्यांना विचारा. ॲपवाले म्हणतात, आधी सिम परत मिळवा! नवं सिम दिल्याची नोंद मोबाईल कंपनीच्याच संगणकात होती, पण ती उघडून बघायला कुणी तयार नव्हतं. तेवढ्यात माझं सिम पळवणाऱ्या माणसाने माझ्या खात्याला स्वतःचा टू-स्टेप पिन (ओटीपीनंतर ॲप मागतं तो दुसरा, आपण ठरवलेला आकडा) लावला. सिम हातात आल्यावर ओटीपी टाकताच तो माणूस खात्यातून बाहेर फेकला गेला, पण पिन ठाऊक नसेल तर 7 दिवस थांबायचं, असा ॲपचा नियम आहे. म्हणून काउंटरवर बाकी काही सांगत बसू नका. 'आत्ता चालू असलेलं सिम बंद करा, ते कधी आणि कुठून दिलं ते लेखी द्या', एवढंच लावून धरा. बँकेला लगेच कळवा. तिथेही ओटीपी याच नंबरवर येतात.

जुन्या चॅट त्याला आपोआप मिळत नाहीत. क्लाउड बॅकअप (चॅटची इंटरनेटवर साठवलेली प्रत) मात्र वेगळी गोष्ट: तो एन्क्रिप्ट करण्याची सोय व्हॉट्सॲपने 2021 मध्ये आणली, पण ती आपण चालू करावी लागते. (कुणीतरी टेलिग्रामवर जा म्हणेल. तिथे साध्या चॅट एंड-टू-एंड नसतात, फक्त वेगळ्या सुरू कराव्या लागणाऱ्या सीक्रेट चॅट असतात.)

मी सुरक्षातज्ज्ञ नाही, पोलीस तक्रारीचं जाणकाराला विचारा. पण माझं ठाम मत आहे की टू-स्टेप पिन नसलेलं खातं अर्धंच आपलं असतं. जवळच्यांना सुरक्षा कोड बदलल्याची सूचना (समोरच्याच्या किल्ल्या बदलल्या की ॲप कळवतं ती) चालू करायला सांगा. आणि आजच एखाद्या मित्राकरवी तुमच्या ग्रुपच्या ॲडमिनना कळवून तुमचा नंबर तात्पुरता काढून टाकायला सांगा, तो माणूस अजून तिथे वाचत बसलेला असेल.