द्राक्षबियांचं तेल आणि दुखरे गुडघे

प्रश्न : ताई, माझं वय ६२. गुडघे सुजतात. सुनेने द्राक्षाच्या बियांच्या तेलाची बाटली आणली आहे. त्याने सूज उतरते, शिवाय ते पचायला हलकं, असं ती म्हणते. घरात आजवर घाण्याचं शेंगदाणा तेलच वापरलं. बदलू का?
— एक वाचिका, पंचवटी

उत्तर : गुडघ्यांसाठी म्हणून बदलत असाल तर राहू द्या. आपण खातो ती द्राक्षं थॉम्पसन जातीची, बिनबियांची. तेलाच्या बिया येतात त्या वाइनच्या द्राक्षांतून. बी चावून बघा, तोंड आखडतं. तिचे गुण गातात ते या तुरट द्रव्यांमुळे, आणि ती तेलात फारशी उतरतच नाहीत, पेंडीत राहतात. बाटलीत येतं ते मुख्यतः लिनोलिक आम्ल (ओमेगा-६ प्रकारचं स्निग्ध आम्ल), साधारण ७० टक्के. आपल्या करडईच्या तेलातही ते तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच. मग एवढे पैसे कशाला? (सुनेला हे जरा बेतानेच सांगा.)

उलट, असल्या तेलांनी अंगात सूज वाढते, असे मेसेजही फिरतात. तेही मनावर घेऊ नका. माणसांवरच्या चाचण्यांत लिनोलिक आम्ल वाढवून रक्तातले सुजेचे निर्देशक वाढलेले दिसले नाहीत.

पचण्याचं म्हणाल, तर निरोगी आतडं कुठलंही खाद्यतेल ९५ टक्क्यांच्या आसपास पचवतं. जडपणा येतो तो प्रमाणामुळे. स्निग्ध जेवण जठरातून सावकाश पुढे सरकतं, म्हणून तर्रीदार मिसळ दुपारपर्यंत पोटात बसून राहते. पित्ताशयात खडे असतील तर मात्र तेल डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

खरं तर मी जवसाकडे वळेन. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ हे स्निग्ध आम्ल असतं. शरीर त्यातलं थोडंच माशांत मिळणाऱ्या प्रकारात बदलतं, त्यामुळे चमत्काराची आशा नको. हे तेल फोडणीला घालू नका. हवा आणि उष्णता लागली की लवकर खवट होतं. त्यापेक्षा चटणी बरी. जवस तडतडेपर्यंत भाजा, लसूण, तिखट, मीठ घालून कुटा आणि भाकरीबरोबर रोज चमचाभर खा. कुटायचा कंटाळा करू नका, अख्खा दाणा बराचसा न पचताच बाहेर पडतो. चटणी थोडी थोडीच करा.

शेंगदाणा तेल चालू ठेवा, पण महिन्याला माणशी अर्ध्या लिटरच्या आत. तळून उरलेलं पुन्हा पुन्हा तापवू नका. आणि गुडघा हाताला गरम लागत असेल, लाल झाला असेल किंवा सोबत ताप असेल, तर चटणीची वाट न बघता आधी डॉक्टरांना दाखवा.