‘तीन वर्षांत माता मृत्यू शून्य’ : हा आकडा कसा वाचावा?

प्रश्न : मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर आहे. केंद्राखालील लोकसंख्या सुमारे ३०,००० आहे आणि गेल्या तीन वर्षांत आमच्याकडे एकही माता मृत्यू झालेला नाही. शेजारच्या आदिवासी भागातील केंद्रात वर्षाला ३०० बाळंतपणे होतात. तिथे गेल्या वर्षी एक बाळंतीण दगावली, तेव्हा त्यांचा दर ३३३ असल्याचे बैठकीत दाखवण्यात आले. राज्याचा दर ३३ असताना त्यांचे काम दहापट वाईट आणि आमचे उत्तम, असे समजावे काय?
— एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : तसे समजू नये. माता मृत्यूचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे मोजले जाते आणि नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८-२० या काळात ते भारतासाठी ९७, तर महाराष्ट्रासाठी ३३ होते. आपल्या केंद्रात हजारी १५ या जन्मदराने वर्षाला साधारण ४५० बाळे जन्मत असतील. राज्याइतकीच जोखीम धरली, तरी अशा केंद्रात सहा-सात वर्षांतून एखादा माता मृत्यू अपेक्षित असतो. म्हणजे तीन वर्षे शून्य येणे ही सर्वसाधारण गोष्ट झाली. याहून महत्त्वाचे असे की, आपल्या भागातील जोखीम राज्याच्या तिप्पट, म्हणजे १०० असती, तरीही अशा दर चार केंद्रांपैकी एका केंद्रात तीन वर्षांत निव्वळ योगायोगाने शून्यच दिसले असते. शेजारच्या केंद्राचा ३३३ हा आकडाही एकाच मृत्यूतून आलेला आहे, आणि पुढच्या वर्षी तो तितक्याच सहजपणे शून्यावर येईल. एवढ्या लहान लोकसंख्येचा दर काढून केंद्रांची क्रमवारी लावणे मला चुकीचे वाटते, कारण त्यामुळे ज्या केंद्राने मृत्यू प्रामाणिकपणे नोंदवला, नेमकी त्याच्यावरच नामुष्की येते.

राज्याचा आकडा तरी कसा मिळतो, हे पाहिले म्हणजे ही अडचण ध्यानात येईल. नमुना नोंदणीत देशभरातील साडेआठ हजारांहून अधिक गावे व शहरी वस्त्या निवडलेल्या असून त्यांत सुमारे ८० लाख लोक राहतात. स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो, दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक स्वतंत्रपणे घरोघरी जाऊन तीच माहिती घेतो, आणि दोन्ही याद्यांत मेळ बसत नसेल तिथे पुन्हा पडताळणी केली जाते. एवढा खटाटोप करूनही एका वर्षाचे माता मृत्यू संख्येने अपुरे पडतात, म्हणून तीन वर्षे एकत्र करावी लागतात. जिल्ह्याचा दरसुद्धा यातून मिळत नाही, मग केंद्राचा कुठून मिळणार?

आपल्या समितीने म्हणून दराऐवजी वेगळा प्रश्न विचारावा : गेल्या वर्षी आपल्या गावांत १५ ते ४९ वयोगटातील किती स्त्रिया वारल्या, आणि त्या प्रत्येकीच्या घरी जाऊन ती गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली होती का, याची चौकशी कोणी केली? त्या चौकशीची नोंद असेल, तरच शून्यावर विश्वास ठेवता येईल.

प्रश्न : आमच्या पाड्यावरची एक सून सातव्या महिन्यात काविळीने गेली. कागदावर मृत्यूचे कारण ‘कावीळ’ एवढेच आहे. हा माता मृत्यू धरतात का? तिला साप चावला असता तर?
— एक अंगणवाडी सेविका, जि. पालघर

उत्तर : ताई, हा माता मृत्यूच आहे. गरोदरपणात किंवा गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गर्भारपणामुळे अथवा त्याने बळावलेल्या आजारामुळे आलेला मृत्यू या व्याख्येत बसतो, मग तो घरी होवो, वाटेत होवो की रुग्णालयात. दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ शेवटच्या महिन्यांत गरोदर स्त्रीला विशेष घातक ठरते. गर्भपातानंतर आलेला मृत्यूही याच व्याख्येत येतो, आणि घरचे लोक सर्वांत जास्त लपवतात तो हाच. सर्पदंशासारखा अपघाती मृत्यू मात्र माता मृत्यूंत धरत नाहीत. आत्महत्येबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट केले की, गरोदर किंवा ओल्या बाळंतिणीची आत्महत्या माता मृत्यूंतच धरावी. मृत्यू नोंदणीच्या अर्जात स्त्रीच्या गरोदरपणाविषयी व बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांविषयी स्वतंत्र प्रश्न असतो. तो रकाना कोरा सोडला, तर अशी सून नुसतीच ‘काविळीची रुग्ण’ म्हणून दप्तरात जाते.

प्रश्न : बहिणींविषयी विचारून माता मृत्यू मोजतात, असे वाचले. ते कसे?
— समाजकार्याची एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : जिथे मृत्यूंची नोंदच होत नाही, अशा भागांसाठी ही पद्धत १९८९ मध्ये मांडली गेली आणि तिची पहिली चाचणी गांबियातील खेड्यांत झाली. प्रौढ व्यक्तीला चार प्रश्न विचारतात : एकाच आईच्या पोटच्या किती बहिणी वयात आल्या, किती हयात आहेत, किती वारल्या, आणि वारलेल्यांपैकी किती जणी गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत गेल्या. एका घरातून अनेक स्त्रियांची माहिती मिळते, त्यामुळे खर्च वाचतो. परंतु उत्तर साधारण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या स्थितीचे मिळते, म्हणून गेल्या वर्षी सुरू झालेल्या योजनेचा परिणाम यातून तपासता येत नाही. आपल्याकडे विचारताना सख्ख्या बहिणीच सांगितल्या जात आहेत ना, याचीही खात्री करावी, कारण चुलत आणि मावस बहिणी सहज मोजल्या जातात.

प्रश्न : मी आशा आहे. मृत्यू कळवला की आधी आम्हालाच जाब विचारतात. त्यात गावातल्या पोरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात, ऊसतोडीची कुटुंबे सहा महिने बाहेर असतात. नोंद कोणी करायची?
— एक आशा सेविका, जि. बीड

उत्तर : ताई, तुमची तक्रार रास्त आहे. माता मृत्यूच्या अन्वेषणासाठी केंद्र शासनाने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा हेतू दोषी शोधण्याचा नाही, आणि चर्चेत नावे गुप्त ठेवणे अपेक्षित आहे. जाब विचारण्याची प्रथा त्या सूचनांच्या विरुद्ध आहे आणि तिचा परिणाम एकच होतो : मृत्यू कळवले जात नाहीत. तुमचे काम १५ ते ४९ वयाच्या स्त्रीचा मृत्यू, कारण काहीही असो, २४ तासांत कळवण्याचे आहे. तो माता मृत्यू आहे की नाही, हे ठरवण्याचा भार तुमच्यावर नाही.

पुढे घरी येणाऱ्या पथकाने वेळेचा धागा उलगडायला हवा. रक्तस्राव किती वाजता सुरू झाला, न्यायचे कोणी आणि केव्हा ठरवले, १०८ ला फोन कधी लागला, गाडी कधी आली, पहिल्या रुग्णालयाने पुढे का पाठवले, रक्त मिळाले का? सासूबाईंना आणि सोबत गेलेल्या बाईला हे वेगवेगळे बसवून विचारले, तर उत्तरे पुष्कळ वेगळी येतात. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावात दोन-तीन तासांतही जीव जातो, म्हणून या वेळा अंदाजाने लिहून चालत नाही.

ऊसतोडीला गेलेली स्त्री कारखान्याच्या तळावर, कोपीतच वारली, तर तिथल्या आशेला ती आपल्या यादीतली वाटत नाही आणि तुम्हाला ती गेल्याचे कळते ते टोळी गावी परतल्यावर. माहेरी गेलेल्या मुलीचेही असेच होते. म्हणून हंगामापूर्वी गरोदर स्त्रियांची यादी करताना मुकादमाचा फोन क्रमांक, कारखान्याचे नाव आणि बाळंतपणाची अपेक्षित तारीख लिहून ठेवावी, आणि त्या तारखेनंतरचे ४२ दिवस भरेपर्यंत अधूनमधून फोन करावा. मृत्यू जिथे झाला तिथेही कळवला जावा आणि तिच्या राहत्या तालुक्यालाही माहिती जावी. दोन्हीकडे नोंद झाली, तर नाव पाहून एक वगळता येते. कुठेच झाली नाही, तर शोधायला काही उरत नाही.