मेन डोअर घरीच करायचाय, पण पावसाळ्याचं काय?

प्रश्न : रिटायर झाल्यापासून गच्चीवरच्या खोलीत सुतारकाम करतोय, स्टूल, शेल्फ, देव्हारा असं सगळं जमलंय. आता घराचा मेन डोअर स्वतः बनवायचाय. ओळखीतला जुना वाडा पाडला, त्यातल्या सागवानी तुळया मिळाल्यात. फळ्या फेविकॉलने जोडून 3 फुटी एकसंध दरवाजा करायचा आणि मागून आडव्या पट्ट्या चिकटवून स्क्रू मारायचे असा प्लॅन आहे. आमचा सुतार म्हणतो पावसाळ्यात अडकेल. खरंय का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : काका, सुतार अगदी बरोबर सांगतोय. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही पण रुंदीत हलतं, आणि वाड्यातलं कितीही जुनं असलं तरी हवेतली ओल घेतं नि सोडतं. आपल्या माळव्यात मे महिना कोरडा ठणठणीत आणि जुलै-ऑगस्ट एकदम दमट, तेव्हा लाकडातली ओल 5 टक्क्यांनी जरी वाढली तरी 3 फूट रुंद सागवान 5 ते 8 मिलिमीटर फुगतं, आणि सागवान तर कमी हलणाऱ्यांतलं. मागच्या आडव्या पट्ट्या मात्र लांबीत तेवढ्याच राहणार, मग दरवाजा वाकणार नाहीतर तडकणार.

म्हणून पॅनलचा दरवाजा करा. उभ्या दोन पट्ट्या 5-5 इंची, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि त्या चौकटीच्या मधे पॅनल, म्हणजे मोकळी बसवलेली फळी. आता रुंदीत फुगणार फक्त त्या दोन उभ्या पट्ट्या, म्हणजे सगळं मिळून 2 मिलिमीटरच्या आसपास. पॅनल पट्ट्यांच्या आतल्या कडेला पाडलेल्या खाचेत नुसतं सरकवायचं, खाच 12 मिलिमीटर खोल ठेवा आणि पॅनल 9 पर्यंतच आत जाऊ द्या, फेविकॉलचा थेंबसुद्धा लावू नका, अख्ख्या दरवाजाची ही एक गोष्ट सांभाळलीत तरी निम्मं काम झालं. पॅनलला पॉलिश मात्र बसवायच्या आधी करा, नाहीतर उन्हाळ्यात ते आखडलं की कडेला कोरी रेघ दिसते.

पट्ट्यांचा जोड साल-कूसचाच करा, म्हणजे एका पट्टीत भोक (साल) आणि दुसरीच्या टोकाला त्यात बसणारी जीभ (कूस), नुसते स्क्रू किंवा डॉवेल (लाकडी खुंट्या) या वजनाला नकोत. दीड इंच जाडीला 12-13 मिलिमीटरची कूस, आरपार काढून बाहेरून पाचर ठोका, फेविकॉल वॉटरप्रूफवाला घ्या. तुळया चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून जुने खिळे शोधा, रंध्याचं पातं वाचेल, आणि चिरलेल्या पट्ट्या थोड्या जाड ठेवून मधे चिपा घालून दोन-तीन आठवडे सावलीत पडू द्या, जी वाकायची ती तेव्हाच वाकून घेते, मग फायनल रंधा मारा.

राजवाड्याच्या दरवाजासारखा लोखंडी खिळ्यांचा लुक हवा असेल तर तोही होतो, फक्त फळ्या एकमेकींना न चिकटवता खाच-जीभ करून, म्हणजे एकीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत सरकवून बसवायच्या.

उन्हाळ्यात दरवाजा बसवणार असाल तर कडेची फट 3 ऐवजी 4 मिलिमीटर धरा. पॉलिश दोन्ही बाजूंना सारखंच, आणि वरची-खालची कडसुद्धा, ओल तिथूनच सगळ्यात जास्त शिरते. ऊन येत असेल तर मेलामाइन पॉलिश नको, बाहेरच्या कामाचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्या. वजन 40 किलोपर्यंत जाईल, तेव्हा 5 इंची बिजागऱ्या चार लावा. आणि लॉकची खाच मधल्या आडव्या पट्टीच्या जोडावर अजिबात घेऊ नका, कूस कापली जाते, जोडाच्या वर किंवा खाली घ्या.