टाचण काढण्याआधी

बेटा,

तुझं पत्र पोचलं. सोबतचा निबंधही वाचला. डी.एल.एड.ला, म्हणजे शिक्षक होण्याच्या पदविकेला असताना इतकं स्वच्छ मराठी लिहिणारी पोरं आता कमी दिसतात, म्हणून आधी शाबासकी. आता तक्रार. ‘शब्दांत प्रचंड सामर्थ्य असते’ हे तू फिरून फिरून लिहिलंस, पण ते सामर्थ्य कोणाच्या हातात असतं आणि कोणावर चालतं हे कुठेच सांगितलं नाहीस. परीक्षकाला चालेल. मला नाही चालत.

तुझे बाबा कपाशीवर फवारायला औषध आणतात ना? डब्यासोबत घडी घातलेली एक चिठ्ठी येते. ती उघडून बघ. मुंगीएवढी अक्षरं, एकाच कागदावर कितीतरी भाषा. डब्यावर एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग भरलेला असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जास्त विषारी, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरव्यालाही विषच म्हणायचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वाचता येत नव्हतं म्हणून ते गेले, असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नको. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दमट उकाडा, औषधांची सरमिसळ, हातमोजे नाहीत, तोंडाला नीट फडकंही नाही, अशी बरीच कारणं तेव्हा पुढे आली. पण मी स्वतः चष्मा लावून अशी चिठ्ठी वाचायला बसलो, तर मलाही ती धड लागली नाही. आयुष्यभर भाषा शिकवलेल्या माणसाला लागत नसेल, तर ती लिहिणाऱ्यानं नेमकी कोणासाठी लिहिली? वाचताना हा प्रश्न विचारायची सवय लावून घे आणि पोरांनाही लाव.

आपल्या भागात हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच विचारून झाला आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर तुला माहीत आहे. महानुभाव पंथाचं मोठं स्थान, आणि २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आलं. चक्रधरस्वामींच्या मागे पंथ नागदेवाचार्यांनी सांभाळला. केशोबास त्यांच्यातला संस्कृतचा जाणता पंडित, त्याला संस्कृतात लिहायची हौस. नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं. म्हणाले, यानं माझ्या म्हाताऱ्या नागवतील, म्हणजे संस्कृत न कळणाऱ्या म्हाताऱ्या लुबाडल्या जातील. पंडितांना काय वाटेल याची चिंता त्यांनी केली नाही, म्हाताऱ्यांची केली.

तुझ्या वर्गात ती म्हातारी तिसरीतल्या पोराच्या रूपात बसलेली असेल. तो तान्ह्या पोळ्याबद्दल, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याबद्दल, आपल्या वऱ्हाडी बोलीत वहीत लिहील, ‘तान्या पोयाले आजीनं मले लाकडाचा बैल घेऊन देला.’ तुझा लाल पेन शिवशिवेल. पोयाले, मले, देला, तिन्हीभोवती गोल. मग त्या वाक्यात त्याचं उरलं काय? आजी आणि लाकडाचा बैल. पुढच्या खेपेला तो पोरगा ‘गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे’ एवढंच लिहून देईल आणि तुला दहापैकी नऊ द्यावे लागतील.

त्यापेक्षा त्याचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिही. अख्ख्या वर्गानं ते मोठ्यानं वाचू दे. बैल केवढा होता, चाकं होती का, कोणाच्या दारी नेला, बोजारा, म्हणजे दारोदारची बक्षिशी, काय मिळाला, हे विचार. पोरगा आणखी चार वाक्यं सांगेल, तीही लिही. मग त्याच्याच खाली, पुस्तकात हे कसं छापलं असतं ते पोरांकडूनच काढून घे. पोयाले, पोळ्याला. मले, मला. आपल्या जिभेवरचा ‘य’ पुस्तकात कुठे ‘ळ’ होतो हे पोरं स्वतःच हुडकतात, आणि मग शाया, डोया, काया असे शब्द शोधायची त्यांच्यात चढाओढ लागते. दोन्ही वाक्यं वहीत राहू दे, वरचं खोडायचं नाही.

उलट टोकाचेही लोक भेटतील. बोलीतच राहू द्या पोरांना, म्हणतील. त्यांची स्वतःची पोरं कुठे शिकतात ते हळूच विचार. तहसीलमधला अर्ज, बँकेचं कर्जाचं कागदपत्र, भरतीची परीक्षा, यातलं काहीच वऱ्हाडीत येत नाही. प्रमाण मराठी हातात न देणं हीसुद्धा नागवणूकच आहे. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे नेमणूक झाली तर तिथल्या पोरांना मराठीच परकी, घरी कोरकू. तिथे गेल्यावर पहिले काही आठवडे शिकणारी तू, शिकवणारी पोरं.

कोणती पुस्तकं वाचू, असं विचारलंस. टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, यादी तुझ्याजवळ असेलच, त्यात मी भर घालत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं; त्याचे जुने अंक मिळतील तिथून गोळा कर, पोरांना वाचून दाखवायला त्यात भरपूर सापडेल. आणि रोज स्वतःसाठी थोडं वाच, ज्यावर कोणी प्रश्न विचारणार नाही असं. शिक्षकच वाचत नसेल तर ते पोरांना आठवड्याभरात कळतं. शाळेतली पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतील, किल्ली मुख्याध्यापकांकडे असेल आणि पुस्तकं फाटतील ही भीतीही असेल. भांडू नको, सर म्हणूनच बोल, पण किल्ली मिळव. वाचलेलं पुस्तक फाटतंच.

लिहिण्या-बोलण्याचं म्हणशील तर वर्गात ‘ढ’ आणि ‘मठ्ठ’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत, आणि पोरांचं कानावर पडलेलं एखादं वाक्य रोज तारखेनिशी टिपून ठेवायचं. बस.

सराव पाठाचं पुढचं टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, मला पाठव. उद्दिष्टं-बिद्दिष्टं तुमच्या नमुन्यात असतील तशी राहू दे, पण पोरांना द्यायच्या सूचना वेगळ्या कागदावर लिही आणि आधी तुझ्या आजीला वाचून दाखव. तिला जिथे अडेल तिथे खूण कर. तो कागद पाठव, मला तोच बघायचा आहे.

तुझा,
सर