गुरकानी : आधी तो 'ख' काढा

प्रश्न : मोगल बादशहा आपल्या घराण्याला 'गुरखानी' म्हणवत. त्याचा अर्थ 'खानांचा खान' असा आहे का?

नाही. शब्द 'गुरकानी' आहे. 'गुरखान' ही मध्य आशियातल्या काराखिताई राजांची पदवी, अर्थ 'समस्तांचा खान'. 1201 साली चंगीझ खानाचा प्रतिस्पर्धी जमुखा याने त्याच्याविरुद्ध घेतली ती हीच. समरकंदच्या 'गूर-ए-अमीर' या तैमूरच्या कबरीच्या नावातला फारसी 'गूर' म्हणजे थडगं. या तिघांची खिचडी सारखी वाचावी लागते, याचा खरोखर वैताग येतो.

गुरकान म्हणजे जावई! मूळ मंगोल 'कुरेगेन'. आजही मंगोलियात जावयाला 'खुरगेन' म्हणतात. 'गुरकानी म्हणजे तैमूरवंशीय' एवढं सांगून थांबणारे अभ्यासक शब्दाचा प्राणच सोडून देतात. खान व्हायचं तर चंगीझचं रक्त बापाकडून हवं. मोगलांचा पूर्वज तैमूर, त्याच्याकडे ते नव्हतं. म्हणून 1370 मध्ये बाल्ख शहर घेऊन प्रतिस्पर्धी अमीर हुसेनला संपवल्यावर त्याने हुसेनची बायको सराय मुल्क खानम हिच्याशी लग्न लावलं. ती चंगीझचा मुलगा चगताई याच्या वंशातल्या कझान खानाची मुलगी. सासरा वारून वीसेक वर्षं झाली होती, तरी जावईपण पक्कं! तैमूर जन्मभर 'अमीर' (सरदार) राहिला, नावापुरता एक खान गादीवर ठेवला आणि स्वतःच्या नावापुढे 'गुरकान' लावलं. नातू उलुघ बेगही गुरकान. त्याच्या ग्रहगणिताच्या कोष्टकांना 'झीज-ए-गुरकानी' म्हणतात ते त्यावरूनच.

पण मंगोलांचा याहून सुंदर शब्द 'कुदा'. इंग्रजीत त्याला एका शब्दात उत्तर नाही, मराठीत आहे : व्याही. 'वैवाहिक'वरून आलेला आपला हा शब्द कुदाला नेमका बसतो. भाषांतरकार तिथे 'नातलग' लिहितात, ते चूक आहे. माझ्या मते मंगोल राजकारण जावयापेक्षा व्याह्यावर जास्त उभं होतं. जावई एकटा असतो. त्याला स्वारीवर पाठवता येतं, आणि मागे त्याच्या ओंगुत टोळीचा कारभार चंगीझची मुलगी अलाखा बघते. व्याही म्हणजे अख्खं घराणं. चंगीझची बायको बोर्ते ओंगिरात कुळातली. पुढे चंगीझचा मुलगा आणि वारस ओगदेई याने फर्मानच काढलं : ओंगिरातांच्या मुली पिढ्यान्‌पिढ्या राण्या होतील, त्यांच्या मुलांना राजकन्या मिळतील. देणंही, घेणंही.

कोरियाच्या नशिबी मात्र नुसतं जावईपण. 1274 मध्ये तिथल्या युवराजाने चंगीझचा नातू कुबलाई याची मुलगी केली, त्याच वर्षी तो गादीवर आला, आणि त्याच्यापासून कोरियन राजांच्या मरणोत्तर नावातला सम्राटाच्या बरोबरीचा 'जोंग' जाऊन साधा 'वांग' (राजा) आला.