मारणाराच बाद कसा?

(नाशिकच्या पंचवटीत कराटेचा क्लास चालवणाऱ्या, एकेकाळच्या राज्यविजेत्या आणि आता पंच असलेल्या आमच्या प्रशिक्षिका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. एका स्पर्धेत तो ५-२ ने पुढे होता. त्याची लाथ समोरच्याच्या कानाखाली बसली, तो मुलगा रडत खाली बसला आणि पंचांनी माझ्याच मुलाला बाद केलं. मारणारा हरला, रडणारा जिंकला! हा कुठला न्याय? – एक आई, सिडको

उत्तर : ताई, तो सामना मी पाहिलेला नाही, पण लाथ जोरात बसली असेल तर निर्णय नियमाला धरूनच आहे. कुमितेत, म्हणजे दोघांच्या लढतीत, डोक्याकडच्या लाथेला ३ गुण, पोटा-पाठीवरच्या लाथेला २, ठोशाला १. पण डोक्याकडची लाथ वेगात जाऊन ऐन वेळी आवरता आली, तरच ते ३ गुण. मोठ्यांच्या गटात डोक्याला हलका स्पर्श चालतो. तुमच्या मुलाच्या वयाला तेवढीही सूट नसते.

टोकियो ऑलिंपिकमध्ये हेच घडलं. २०२१ मध्ये, पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटाची फायनल. सौदीचा तारेग हामेदी ४-१ ने पुढे. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या मानेवर बसली, तो बेशुद्ध पडला, स्ट्रेचरवरून नेला. हामेदीला बाद ठरवलं आणि सुवर्ण गंजजादेला. त्या संध्याकाळी माझ्या क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसता गोंधळ! अर्ध्या पालकांचा सवाल तुमचाच होता. मी असते तरी हाच निर्णय दिला असता. हामेदीला रौप्य मिळालं, कारण त्याच्या हेतूवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

समोरचा मुलगा नाटक करत असेल, हीही शंका तुमच्या मनात असणार. त्यालाही नियम आहे. दुखापत फुगवून दाखवणाऱ्याला ताकीद मिळते, आणि काहीच लागलेलं नसताना पडलेला थेट बाद होऊ शकतो. म्हणून मी ‘यामे’ म्हणून सामना थांबवला, की रडण्याकडे नंतर बघते. आधी लाथ कुठे लागली, पाय परत ओढला की तसाच आत घुसला, ते आठवते आणि डॉक्टरांना बोलावते. माझ्या जागेवरून पाठमोरं काही दिसत नाही. त्यासाठीच कोपऱ्यांत चार पंच असतात; त्यांतल्या निदान दोघांनी एकाच खेळाडूचा झेंडा दाखवल्याशिवाय गुण होत नाही.

घरी एक करा. दाराच्या चौकटीला दोरीने टेनिस बॉल टांगा, मुलाच्या कानाच्या उंचीवर. लाथ पूर्ण वेगात जायला हवी आणि बॉल हलायला नको. सुरुवातीला तो पंख्यापर्यंत उडेल. माझ्या क्लासमध्ये हे जमल्याशिवाय मी कुणाला स्पर्धेचा फॉर्म देत नाही, मग पालक रुसले तरी चालतील.

प्रश्न : मी एकवीस वर्षांची आहे, ब्लॅक बेल्ट आहे, गुडघ्यामुळे खेळणं सुटलं. पंच व्हायचंय. घरचे म्हणतात, त्यात पैसा नाही. – कॉलेज रोड

उत्तर : घरचे बरोबर आहेत. प्रवासखर्च, थोडं मानधन, दिवसभर उभं राहून दुखणारे पाय. पोट क्लासवर आणि शाळांमधल्या शिकवण्यांवर भरतं. तरी ये. लेखी परीक्षा असते, प्रत्यक्ष मॅटवरची असते. काता (एकट्याने करून दाखवायच्या ठरावीक हालचाली) आणि कुमितेचे परवाने वेगळे. जिल्हा, राज्य, देश असं चढत जायचं. जागतिक संघटनेतही आधी जज (कोपऱ्यातला पंच), मग रेफरी (मधला पंच), आणि दोन्हींत बी श्रेणीवरून ए. नेव्ही ब्लू ब्लेझर, फिकी राखाडी पँट आणि बिनलेसचे काळे बूट आत्ताच घेऊन ठेव. गुडघ्याचं म्हणशील तर पंचालाही सतत सरकावं लागतं, तेव्हा फिजिओला आधी विचार. आणि आपला विद्यार्थी मॅटवर आला की आपण त्या मॅटवरून उतरायचं, हे कुणी सांगायची वाट बघू नकोस. हिरावाडीच्या स्टेडियमवर पालक ओळखीचे, विद्यार्थी ओळखीचे. तिथे हे फार लवकर कळतं.

प्रश्न : एका वर्षात ब्लॅक बेल्टची हमी देणारा क्लास लावावा का? – इंदिरानगर

उत्तर : नको. नियमित येणाऱ्या मुलालाही तीन-चार वर्षं लागतात. फी भरण्याआधी एक दिवस दारात उभे राहून बघा : सर मुलांना आवरायला शिकवतात, की फक्त मारायला.